मदत हवी आहे : दोन सह्या एकाच दिवशी होतील का? (तातडीचं)

सई_वाकड
लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. सासरचे म्हणतात की नोंदणीसाठी दोनदा ऑफिसात जावं लागतं, एकदा पहिली सही आणि मग काही दिवसांनी दुसरी, आणि दोन्ही वेळा आम्ही दोघं समोर हवेत. ऑफिस शनिवार-रविवार बंद. मला रजा मिळत नाहीये. दोन्ही सह्या एकाच दिवशी करून देतात का? कुणी केलंय का? उद्या त्याच्या बाबांना उत्तर द्यायचंय, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. "लग्नानंतर निवांत बघा" हा सल्ला नको, तो घरी रोज ऐकतेय.

नाना_डोंबिवली
दोन सह्या म्हणजे आधी नोटीस आणि मग प्रत्यक्ष विवाह. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावंच लागतं, त्यामुळे एकाच दिवशी होणं शक्य नाही. लग्नाच्या दिवशी ३ साक्षीदार लागतात. आमच्या मुलीचं असंच केलं. सकाळी सह्या, दुपारी घरी जेवण, मानपान नाही, हॉल नाही. वाचलेले पैसे दोघांनी घराच्या डाउन पेमेंटला घातले. माझं ऐकाल तर हॉल रद्द करा आणि फक्त हेच करा.

कायदेभान
नाना, हॉल रद्द करू का असं त्यांनी विचारलेलंच नाही. दोघं हिंदू असतील आणि विधिवत लग्न करणार असतील तर नोटिशीची गरजच नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत विवाह निबंधकाकडे अर्ज द्यायचा. नमुना ड भरायचा, भटजींची सही, ३ साक्षीदार, पत्रिका, फोटो. एकाच खेपेत होतं.
सई, दोघांचा धर्म, राहण्याचा पत्ता आणि लग्नाचं ठिकाण सांगा. त्याशिवाय सगळा अंदाजच.

नाना_डोंबिवली
स्पेशल मॅरेज कुठल्याही धर्माच्या लोकांना करता येतं.

कायदेभान
करता येतं हो. करावंच लागतं असं नाही, एवढंच म्हणतोय.

माणदेशी_मावशी
सई, अगं रजा नाही म्हणतेस, पण केळवणांचं काय करतेयस? माझ्या भाचीने प्रत्येकाला हो म्हटलं आणि लग्नात ब्लाउज आवळ झाला. मी सांगते तसं कर. सासरकडची केळवणं एका दिवशी एकत्र, माहेरची एकत्र, आणि थोरल्या मंडळींकडे फक्त संध्याकाळी कॉफीला जायचं. ओटी भरून घ्यायची, पाया पडायचं, निघायचं. कुणी रागावत नाही.

सई_वाकड
मावशी, केळवणांचा धागा वेगळा काढेन, खरंच गरज आहे. पण आत्ता सह्यांचं बघू.
दोघंही हिंदू. दोघंही पुण्यात नोकरीला. लग्न फोंड्याला आहे, त्यांच्या देवळाजवळच्या हॉलमध्ये. माझं प्रोबेशन चालू आहे, लग्नासाठीची रजा मंजूर झालीये, त्याउपर एक दिवस फार तर मागता येईल. सध्या दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री वाकडहून बस पकडतो, शनिवार-रविवार हॉल, केटरर, दागिने, नातेवाईक, आणि सोमवारी सकाळी उतरून थेट लॉगिन. गेल्या वेळी दोघंही मांडवाच्या माणसाशी बोलत असताना माझी मीटिंग सुरू झाली, मी एका कानात स्टँडअप आणि दुसऱ्या कानात झेंडूचा भाव ऐकत होते. आम्हाला दोघांना निवांत बोलायला फक्त बसमध्ये वेळ मिळतो आणि तिथे तो झोपतो.

कणकवलीकर
फोंडा म्हणजे आमचं फोंडाघाट! मग तर सोपं आहे. लग्न ग्रामपंचायत हद्दीत झालं तर ग्रामसेवकाकडेच नोंदणी होते, दोनदा जायची भानगड नाही. देऊळ कुठलं ते सांगा, ओळखीचं कुणी असेल. डिसेंबरात घाटाखाली सकाळी थंडी असते, म्हाताऱ्या माणसांना स्वेटर आणायला सांगा.

सई_वाकड
फोंडाघाट नाही हो! गोव्यातलं फोंडा. हॉल म्हार्दोळला, म्हाळसेच्या देवळाजवळ. त्याचं घर मडगावला. पहिली सही, दुसरी सही म्हटल्यावर कळेल असं वाटलं, त्याच्या घरी सगळे तसंच बोलतात.

मडगावची_नेहा
आता कळलं! सई, वरचे सगळे सल्ले बाजूला ठेव, ते महाराष्ट्राचे आहेत. गोव्यात वेगळं चालतं.
पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करणार आहोत असं नागरी निबंधकासमोर लिहून देणं. त्यानंतर नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर त्यासाठी. १५ दिवस गेल्यावर दुसरी सही, तिने लग्न पक्कं होतं. मधले दिवस हरकतीसाठीच ठेवलेत, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही होणार नाहीत. तुझे सासरे बरोबर सांगताहेत.
पण तुझी रजा वाचेल. पहिली सही नोव्हेंबरात एखाद्या सोमवारी कर, शनिवार-रविवार तू तिथे असतेसच, एकच दिवस जास्त जाईल. दुसरी लग्नाच्याच आठवड्यात, गुरुवारी वगैरे. तेव्हा तुझी रजा चालू असेल. आम्ही असंच केलं, माझा नवरा मुंबईहून यायचा. नोंदणी त्याच्या तालुक्यात, म्हणजे सासष्टीत, मडगावच्या कार्यालयात. फोंड्याला लग्न आहे म्हणून फोंड्याच्या कार्यालयात जाऊ नकोस, आधी त्याचा रहिवासाचा दाखला कुठला आहे ते बघ.
कागद : दोघांचे जन्मदाखले, त्याचा रहिवासाचा दाखला, तुझं आधार आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. साक्षीदार दोन्ही वेळा लागतात. मडगावला फोन करून यादी लिहून घे आणि मगच तिकीट काढ.

नाना_डोंबिवली
मग पुण्यातच स्पेशल मॅरेज करा ना. दोघं पुण्यात राहता. गोव्याला हेलपाटे कशाला?

कायदेभान
माझं वरचं उत्तर गोव्याला लागू नाही. हिंदू विवाह कायदा तिथे लागू केलेला नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि तिच्याबरोबरचे विवाहाचे नियम १९६१ नंतरही चालू राहिले, आणि ते हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांनाच आहेत.
नाना, पुण्यात नोंदणी करता येईल, पण मुलगा गोव्याचा आहे. उद्या त्याच्या घरच्या मिळकतीचा विषय निघाला की गोव्यातली नोंद विचारतात. आणि नोंदणीची जागा बदलली म्हणजे संपत्तीचे नियम बदलले, असं धरून चालू नका.
सई, न विचारलेलं एक विचारतो. तुमच्या नावावर काही स्थावर आहे का?

सई_वाकड
नेहा, किती बरं वाटलं काय सांगू. सोमवारचं डोक्यातच आलं नव्हतं.
कायदेभान, वाकडचा फ्लॅट माझ्या आणि आईच्या नावावर आहे. कर्ज चालू आहे. पण त्याचा सहीशी काय संबंध?

कायदेभान
संबंध आहे, आणि तो दुसऱ्या सहीच्या आधीच बघायला हवा. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. लग्नानंतर मिळवलेली तर होतेच, लग्नाआधीचीही होते. दोघांचा निम्मा निम्मा वाटा. स्थावर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. वेगळं हवं असेल तर लग्नाआधी करार करून तो रीतसर नोंदवावा लागतो. घरी स्टॅम्पपेपरवर लिहून चालत नाही, आणि लग्न झाल्यावर तो बदलता येत नाही. करारात विभक्त मालमत्ताही ठेवता येते किंवा फक्त लग्नानंतरचं सामाईक ठेवता येतं.
फ्लॅट पुण्यात आहे म्हणून बेफिकीर राहू नका. गोव्याच्या माणसाची गोव्याबाहेर असलेली मिळकत वारशाने कुणाकडे जाईल हेही तिथल्याच संहितेप्रमाणे ठरतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. तुमच्या प्रकरणात नक्की काय लागू होईल ते गोव्यातल्या वकिलाकडूनच विचारून घ्या. आईचं नाव आहे म्हणून जास्तच.

नाना_डोंबिवली
लग्नाआधी करार? म्हणजे सुरुवातच अविश्वासाने. आमच्या पिढीत असं कुणी सासऱ्यांपुढे बोललं असतं तर लग्न मोडलं असतं.

मडगावची_नेहा
नाना, रागावू नका, पण गोव्यातली मुलगी हे उलट बघते. करार न करता लग्न झालं की सासरच्या घरात नवऱ्याच्या वाट्यात निम्मं तिचं असतं. माझ्या मावशीला नवरा गेल्यावर कुणी घराबाहेर काढू शकलं नाही ते ह्याच कायद्यामुळे. सामाईक राहणं वाईट नाही. पण सईच्या फ्लॅटमध्ये तिच्या आईचे पैसे आहेत, म्हणून दोघांनी बसून ठरवायला हवं. त्यात अविश्वास कसला?
आणि सई, एक महत्त्वाचं. पहिली सही झाली म्हणजे लग्न झालं असं समजू नकोस. आमच्याकडे काही मुलींना वर्षांनी कळलंय की दुसरी सही राहिली होती, म्हणजे कायद्याने लग्नच नव्हतं. नवरा तोवर निघून गेलेला. दुसरी झाल्यावर दाखला हातात घेऊनच कार्यालयाबाहेर पड.

हिशेबनीस
सामाईक राहिलात तर प्राप्तिकराचंही लक्षात ठेवा. पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडं, व्याज वगैरे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं विभागून दाखवायचं असतं. पुण्यातले बरेच सीए हे विसरतात कारण त्यांच्याकडे अशी केस येत नाही. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर आत्ताच सांगून ठेवा.

घाटरस्ता
बसने का जाता? गोवा एक्सप्रेस पुण्याहून मिरज, लोंढा, कुळे करत थेट मडगावला जाते. वऱ्हाडाला ती बरी. गाडीने जाणार असाल तर बेळगावहून चोर्ला घाटाने. आंबोलीतून जाऊ नका, तो रस्ता सावंतवाडीकडे उतरतो.

कणकवलीकर
आंबोलीला नावं ठेवू नका. रस्ता उत्तम आहे आणि घाटात गरम भजी मिळतात.

घाटरस्ता
भजी मिळतात, पण त्यांना सासष्टीत जायचंय, सावंतवाडीला नाही.

तिरफळ
वऱ्हाड पुण्याचं असेल तर जेवणाचं आधी बोलून घ्या. म्हार्दोळला देवळाजवळ जेवण शाकाहारीच असणार. आमच्याकडे पंगतीत खतखते (भाज्यांचं कालवण) आणि मणगणे (चणाडाळीची खीर) असतं, पुणेकर मंडळी मसालेभात आणि जिलबी शोधत बसतात. आमच्या घरच्या लग्नात दोन्ही ठेवलं, मणगणं आधी संपलं. आणि डिसेंबरात गोव्यातल्या खोल्यांचे भाव विचारू नका. देवस्थानाच्या अग्रशाळेत (भक्तनिवासात) खोल्या मिळतात का ते सासऱ्यांना आत्ताच विचारायला सांग.

सई_वाकड
काल बसमध्ये त्याला झोपू दिलं नाही. फ्लॅटचं सगळं वाचून दाखवलं. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला की त्याच्या आईच्या नावावरचं घरही असंच आहे आणि त्याने आजवर कधी विचार केला नव्हता. शनिवारी मडगावला वकिलाकडे जातोय. बहुतेक लग्नानंतरचं सामाईक, आधीचं ज्याचं त्याचं, असं ठरेल. माझ्या आईला मी सांगितलंय, त्याच्या घरी तो सांगेल.
आता नवीन अडचण. बाबांना दुसरी सही लग्नाआधी गुरुवारी करायची नाहीये. म्हणतात, कायद्याने लग्न गुरुवारीच झालं तर रविवारी कन्यादान कशाचं करू? त्याची आई म्हणते गोव्यात सगळे आधीच करतात. दोघंही माझ्याशीच बोलतात, एकमेकांशी नाही.

माणदेशी_मावशी
बाबांचं मन मोडू नकोस गं. एकच मुलगी ना? मग दुसरी सही लग्नानंतर सोमवारी कर. देवाब्राह्मणांसमोर आधी, सरकारसमोर नंतर. तुझी रजा तेव्हाही असेलच की.

मडगावची_नेहा
मावशी म्हणतात ते चालेल, फक्त पूजा, गोंधळ, परतीचं तिकीट ह्यात सोमवार हातातून जाऊ देऊ नका. आणि करार नोंदवायचा असेल तर तो लग्नाच्या विधीआधीच झालेला असू दे, वकिलाला हा क्रम विचार.
सई, जन्मदाखला बघितलास का? त्यावर तुझं नाव आहे का? जुन्या दाखल्यांवर नुसतं "मुलगी" असतं.

सई_वाकड
आत्ताच आईला कपाटातून काढून फोटो पाठवायला लावला. नाव नाही. "स्त्री" एवढंच, आईवडिलांची नावं आणि मिरजेचं हॉस्पिटल. शाळेचा दाखला चालेल का?

मडगावची_नेहा
त्यावर विसंबू नकोस. मिरजेला जिथे जन्माची नोंद आहे तिथेच नाव घालून नवा दाखला घ्या. माझ्या जावेचा पहिल्या सहीचा दिवस ह्याच कारणाने गेला.

कायदेभान
शाळा सोडल्याचा दाखला, तुमचं आणि आईवडिलांचं आधार, आणि प्रतिज्ञापत्र घेऊन बाबांना पाठवा. नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच लिहायला सांगा, नाहीतर पुढे प्रत्येक ठिकाणी अडेल.

सई_वाकड
बाबा सोमवारी मिरजेला जाताहेत. सही लग्नानंतर करायचं कबूल केलं म्हणून खुशीत आहेत, स्वतःच जातो म्हणाले. दाखला हातात आल्याशिवाय मडगावचा दिवस ठरवत नाही. सासऱ्यांना तेच कळवलं, अग्रशाळेतल्या खोल्यांचंही ते बघताहेत.
मावशी, केळवणांचा धागा आज रात्री काढते. एकाच रविवारी दोन काकवांकडे जेवण आलंय आणि दोघींना हो म्हणून झालंय.