आरटीईच्या पंचवीस टक्के जागा: सरकारने मुलं खासगी शाळेत पाठवावीत की आपल्याच शाळा नीट कराव्यात?

पायवाट

आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा. खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा गरीब घरांतल्या मुलांना लॉटरीने मोफत द्यायच्या आणि सरकारने त्यांच्या फीची भरपाई, म्हणजे प्रतिपूर्ती, शाळेला द्यायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने याच्या नियमात बदल केला होता, आठवत असेल. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्के जागांचं बंधन नाही. आता शहरात किलोमीटरभरात पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, अशी खासगी शाळा शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. म्हणजे योजना कागदावर चालू, प्रत्यक्षात गुंडाळलेली. त्या वर्षी पोर्टलवर आठ लाखांच्या वर जागा दिसत होत्या, बहुतेक झेडपीच्या आणि पालिकेच्या. अर्ज लाखभरही आले नाहीत. झेडपीच्या शाळेत जायला लॉटरी कशाला लागते? मे महिन्यात हायकोर्टाने स्थगिती दिली, जुलैत तो बदल रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. स्थगितीनंतर जुन्या पद्धतीने अर्ज मागवले, तर साधारण लाखभर जागांसाठी दोन लाखांहून जास्त आले.

कोर्टाचं झालं ते झालं. मला विचारायचंय, सरकारला ही योजना एवढी नकोशी का झाली? मला दिसतं ते कारण एकच, पैसे. एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती, हा आकडा वर्षानुवर्षं वाढलेला नाही आणि तेवढेही वेळेवर मिळत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. खासगी शाळांना सोबत घेण्यात काही गैर नाही, पण सरकार इथे वाण्याकडे उधारी थकवून वर मालाची प्रत विचारणारं गिऱ्हाईक झालंय. शाळा सरकारला काही बोलू शकत नाही, मग राग निघतो पोरावर. आधी पैसे वेळेवर द्या, मग शाळेत घुसून हिशोब मागा.

खडूवाला

मी झेडपीचा शिक्षक. तुमचं दुखणं खरं आहे, औषध चुकीचं.

पंचवीस टक्क्यांतून खासगी शाळेत कोण जातं ते बघा. ज्याला फॉर्म भरता येतो, कागद जमवता येतात, कचेरीत चार खेपा घालता येतात, असा गरिबांतला जरा चळवळ्या पालक. हाच पालक आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत असायला हवा. नळाला पाणी नाही म्हणून सरपंचाला धारेवर धरणारा तोच असतो. तो गेला की समितीच्या बैठकीत सह्या तेवढ्या उरतात.

पुढचं सांगतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं. मग पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. ते बघून आणखी दोन पालक दाखला काढतात. आणि उरलेल्या शिक्षकाला शिकवू तरी कुठे देतात? मतदारयाद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराची नोंद, आणि रात्री ग्रुपवर मेसेज: सोबतच्या लिंकवर माहिती तात्काळ भरावी, विलंब झाल्यास आपली वैयक्तिक जबाबदारी राहील. आधी आमचे हात मोकळे करा, मग आमच्याशी तुलना करा.

संस्थाचालक_छोटा

खडूवाला सर, सगळं मान्य. पण आमच्यासारख्यांचंही ऐका. तालुक्याच्या गावात माझी इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, फी वर्षाला बावीस हजार. 'खासगी शाळा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एसी बस आणि स्विमिंग पूल येतो. आमच्याकडे पत्र्याची शेड आणि बँकेचा हप्ता आहे.

पहिलीच्या वर्गात चाळीस मुलं, त्यातली दहा आरटीईची. प्रतिपूर्तीचा प्रस्ताव पाठवायचा, मग तपासणी, मग एखाद्या मुलाच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघतं, फाइल परत. हे सगळं पार पडून हप्ता येतो तो दोन वर्षांपूर्वीचा, आणि तोही अर्धामुर्धा. २०२०-२१ ला तर दर थेट आठ हजारांवर आणला, कारण शाळा ऑनलाइन. इमारतीचं कर्ज काही ऑनलाइन झालं नव्हतं.

आणि हिशोबच करायचा तर करू. पंधरा पटाची झेडपी शाळा, दोन शिक्षक, दोघांचा मिळून महिन्याला लाखभर पगार धरा. एका मुलामागे वर्षाला ऐंशी हजार झाले. तेच सरकार मला १७,६७० द्यायला कुरकुरतं.

खडूवाला

पंधरा पटाची शाळा डोंगरातल्या वस्तीवर असते. तिथे तुमची बस येते का? आली तर मी आजच राजीनामा देतो. जिथे नफा-तोटा जुळत नाही तिथे शाळा चालवायची सरकारने, आणि मग तिचाच खर्च दाखवून आम्ही महाग म्हणायचं. शहरातली साडेचारशे पटाची पालिकेची शाळा घ्या आणि पुन्हा मांडा हिशोब.

आणि तुमच्या बाईंना पगार किती देता? सहीचा नको, हातात पडणारा सांगा.

संस्थाचालक_छोटा

नऊ हजार. लाज वाटते, पण खोटं नाही बोलणार. प्रतिपूर्ती वेळेवर आली तर बारा देईन.

कलमबहाद्दर

दोघंही 'सरकार जागा विकत घेतं' असं धरून भांडताय. मुळात कलम १२(१)(क) खरेदीसाठी नाहीच. मोलकरणीचं पोर आणि मालकिणीचं पोर एका बाकावर बसावं, हा त्याचा हेतू. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम वैध ठरवलं. प्रतिपूर्ती पुढच्या उपकलमात येते: सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, जे कमी असेल ते. आणि ज्या शाळेने सवलतीत जमीन घेऊन त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवायचं आधीच कबूल केलंय, तिला तेवढ्या मुलांचे पैसे मागता येत नाहीत. ही तरतूद कोणी वाचत नाही. मोक्याच्या भूखंडावरच्या शाळांचे करारनामे एकदा काढून बघा म्हणावं.

दुसरी मेख अल्पसंख्याक दर्जाची. २०१४ च्या घटनापीठाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांना, अनुदानित असो वा नसो, आरटीई लागू नाही. त्यामुळे शहरातल्या बऱ्याच नावाजलेल्या शाळा या भानगडीतच नाहीत. भार येतो तो वर बोलले त्यांच्यासारख्या पत्र्याच्या शेडवाल्यांवर. एक किलोमीटरवाला बदल मात्र टिकणारच नव्हता. संसदेने दिलेला हक्क राज्याला नियम बदलून काढून घेता येत नाही.

लॉटरीतली_आई

माझ्या मुलीचा नंबर लागलाय, आता ती सातवीत आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण आमच्या बाजूने कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

अर्ज भरताना नकाशावर एक लाल फुगा असतो, तो बरोबर आपल्या घरावर आणून ठेवायचा. आमची गल्ली इतकी अरुंद की फुगा सारखा पलीकडच्या सोसायटीवर जायचा. सायबर कॅफेतला मुलगा म्हणाला, ताई, नीट ठेवा, अंतर चुकलं तर पडताळणीत बाद करतात. भाडेकरार नोंदणीकृत लागतो, घरमालक करून देईना. शेवटी त्याचा खर्च आम्हीच केला आणि वर त्याला दिवाळीला मिठाई नेली.

शाळा वाईट नाही. वर्गातल्या बाई चांगल्या आहेत. पण स्नेहसंमेलनाचे वेगळे, डिजिटल वर्गाचे वेगळे, सहलीचे वेगळे. गणवेश-पुस्तकं शाळा सांगेल त्याच दुकानातून. मोफत म्हणतात त्यात वर्षाला दहा-बारा हजार जातात. एकदा सूचना वहीत 'आरटीई' असं लाल शाईने लिहून आलं. मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, अहो, आमच्या नोंदीसाठी.

तरी मी पुन्हा अर्ज भरेन. खडूवाला सर, राग मानू नका. माझा धाकटा पालिकेच्या शाळेत आहे, त्याच्या वर्गाला गेलं अख्खं सत्र स्वतःचे शिक्षकच नव्हते.

जुना_रयतकर

सरकार आणि खासगी हे नवीन असल्यासारखं बोलताय सगळे. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण गावोगाव नेलं ते संस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती सरकारी खात्याच्या नाही, लोकांच्या धान्यावर आणि वर्गणीवर. पुढे अनुदान आलं, पगार सरकारचा आणि कारभार संस्थेचा, अशी घडी बसली. माझी पिढी त्यावर शिकली आणि चांगली शिकली. त्या घडीतही धोका होताच. स्वातंत्र्य मिळाल्या-मिळाल्या मुंबई सरकारने रयतचं अनुदान काही काळ रोखलं होतं. सरकारच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर हे आलंच. पण आरटीईपेक्षा ही घडी शंभर पटीने बरी. त्यात गरीब पोराला वेगळ्या यादीत घालावं लागत नव्हतं, कारण अख्खी शाळाच त्याची होती.

टप्प्यावरचा

काका, कर्मवीरांबद्दल आदर आहे. पण त्या घडीचं पुढे काय झालं ते आमच्याकडून ऐका. सरकारने शाळा वाटल्या त्या 'कायम विनाअनुदानित' म्हणून. २००९ मध्ये 'कायम' शब्द काढला. मग मूल्यांकन, मग २०१६ ला वीस टक्के अनुदान, मग पुढच्या टप्प्यासाठी आझाद मैदान. पावसात ताडपत्रीखाली झोपलोय मी. शिकवायचं शंभर टक्के, पगार टप्प्याने. आणि या नोकरीसाठी 'इमारत निधी' म्हणून संस्थेला काय मोजलं ते इथे लिहीत नाही, वडिलांचं शेत कमी झालं एवढंच सांगतो. पगार सरकारचा आणि नेमणूक संस्थेची, म्हटलं की मधे बाजार बसतोच. शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल त्यासाठीच आणावं लागलं, आणि तिथेही खासगी संस्थांना मुलाखतीची पळवाट ठेवलीच.

तिरकस

दत्तक शाळा योजनेला विसरलात मंडळी. सप्टेंबर २०२३ चा जीआर. शाळा दत्तक घेणाऱ्या दात्याने मोठ्या महापालिकेत पाच वर्षांसाठी दोन कोटी, दहा वर्षांसाठी तीन कोटी, खेड्यात पन्नास लाखांपासून. रोख नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या, बदल्यात शाळेला आपलं नाव. आमच्या गावच्या शाळेला कुठल्या पतसंस्थेचं नाव लागतंय याची वाट बघतोय. ती बुडाली की पाटी कोणी रंगवायची, ते जीआरमध्ये सापडलं नाही.

पायवाट

तिरकस, पाटीचं सोडा. त्या योजनेत वर्गात शिकवण्याबद्दल दात्याला कोणी काही विचारणारच नाही, हा माझा खरा आक्षेप. त्याउलट आकांक्षा फाउंडेशनचं बघा. मुंबई-पुण्यात पालिकेच्या इमारतीत त्यांच्या शाळा चालतात. इमारत पालिकेची, शिक्षक आणि त्यांचा पगार संस्थेचा, मुलांकडून फी नाही आणि निवडून मुलं घेणं नाही. टप्प्यावरच्यांनी सांगितलेला बाजार तिथे बसत नाही, कारण संस्थेला सरकारकडून पगार काढायचाच नसतो.

खडूवाला

आणि देणगीदार कंटाळला की? अशा किती शाळा होऊ शकतात? राज्यातल्या झेडपीच्या शाळा हजारोंनी मोजायच्या आहेत, देणग्यांवर त्या चालणार नाहीत. चांगली उदाहरणं दाखवून धोरण ठरत नसतं, पायवाट. ती दाखवून आमची भरती मात्र पुढे ढकलता येते.

पायवाट

भरती व्हायलाच हवी, त्यावर वाद नाही. पण ती होईपर्यंत ताईंच्या धाकट्याने बसायचं कुठे? तुमचं उत्तर दहा वर्षांनी फळ देईल, त्याची चौथी पुढच्या वर्षी संपते.

खडूवाला

त्याच्या वर्गाला शिक्षक नाही, कारण ते पद भरलेलं नाही. यात माझं काय चुकलं ते सांगा.

लॉटरीतली_आई

तुमचं दोघांचं चालू द्या. मला एक विचारायचं होतं. आठवीनंतर काय? शाळेत आत्तापासूनच सांगतायत, नववीपासून पूर्ण फी. पन्नास हजारांच्या पुढे आहे. कायद्यात काही आहे का?

कलमबहाद्दर

नाही. कायदा सहा ते चौदा वयापुरता, आठवीपर्यंत. नववीला शाळेने सवलत दिली तर तिची मर्जी.

संस्थाचालक_छोटा

ताई, आमच्याकडे अशा मुलांची नववीला निम्मी फी घेतो. पण लेखी देत नाही. लिहून दिलं की बाकीचे पालक भांडायला येतात. तुमच्या शाळेत क्लार्कला नको, थेट मुख्याध्यापकांना भेटा, तेही पहिल्या सत्रातच.

खडूवाला

आणि दुसरी सोय हाताशी ठेवा. मुलगी आहे, त्यामुळे अनुदानित शाळेत बारावीपर्यंत फी माफ. जवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये सेमी-इंग्रजीची तुकडी आहे का, ते आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीआधीच विचारून ठेवा. जूनमध्ये गेलात तर सेमीच्या तुकड्या भरलेल्या असतात. दाखल्याला शाळा अडून बसली आणि राहिलेले पैसे मागू लागली तर पंचायत समितीत किंवा पालिकेच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. थकबाकीसाठी दाखला अडवता येत नाही.