मदत हवी: आंब्याच्या फांदीतल्या मुंग्या घरात जगवायच्या आहेत, फांदी फोडू का?

साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. परवाच्या वळवात शेजाऱ्यांच्या परसातली आंब्याची वाळकी फांदी मोडून पडली. बंबात घालायला म्हणून कोयत्याने तुकडे करत होतो, तर एकातून मुंग्या बाहेर आल्या. डोकं आणि पोट काळंकुळकुळीत, मधला भाग विटकरी, अंगाने सडपातळ, लांबी साधारण 1 सेंमी. एकीने करंगळीला डंख मारला, गांधीलमाशीची धाकटी बहीणच! रात्रीपर्यंत बोट ठणकत होतं. तरी तो हातभर तुकडा बंबात घालवेना.

आता तुकडा माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत उभा आहे, टाकी परातीत, परातीत पाणी. मुंग्या आत येऊ नयेत म्हणून आजी फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, माझं उलटं चाललंय. टाकीच्या काठाला आतून व्हॅसलिनही लावलंय. कापसावरच्या साखरपाण्याकडे फिरकल्या नाहीत, पण दिव्यावरचा मेलेला पतंग तासाभरात ओढून नेला.

अडचण अशी, की फांदीचं वरचं टोक वाळून तडकलंय आणि कालपासून त्या पांढरी पिल्लं तोंडात धरून खाली नेताहेत. लाकडावर पाणी शिंपडू का? पण जूनमध्ये पाऊस लागला की आमच्याकडे चपलांनाही बुरशी धरते. आत राणी आहे की नाही तेही कळत नाही. बायकोला वेगळीच भीती: खाली रोज चिमूटभर भुसा पडतो, उद्या सागवानी दार खाल्लं तर?

प्रतिसाद:
दार सुखरूप आहे. लाकूड खाते ती वाळवी. या नुसती पोकळी साफ करून भुसा बाहेर टाकतात. वर्णनावरून टेट्रापोनेरा रुफोनायग्रा वाटते. बॅटरी मारून पिल्लं बघा. डोंगळ्याची पिल्लं मोठी झाली की कोशात जातात, हिची उघडीच असतात. फांदी अजिबात फोडू नका, राणी चिरडली तर सगळंच संपलं. पाणीही शिंपडू नका, ही वाळक्या लाकडातच राहते. ओला कापूस शेजारी ठेवा आणि बोटभर जाड बांबूचं कांडं काळ्या कागदात गुंडाळून फांदीला टेकवा. फांदी नकोशी झाली तर आपणहून बिऱ्हाड हलवतील. एक मात्र गांभीर्याने घ्या: पुन्हा डंख बसून अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

धागाकर्ता:
बॅटरीने पाहिलं. कोश नाही, एकाचे तर दुमडलेले पायसुद्धा दिसले! बांबू ओला चालेल का? इथे वाळका मिळायला बुरुडाकडे जावं लागेल.

प्रतिसाद:
वाळकाच आणा. एका बाजूचं पेर शाबूत ठेवा आणि तोंड कापसाने अर्धं बंद करा.