टेक्सास प्रायमरी: बंदुकीच्या प्रश्नावर उमेदवार पारखायचा तो श्रेणीवरून की मतदानावरून?

प्लानोकर

प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जवळ आली की टपालपेटी पत्रकांनी भरते आणि रिपब्लिकन पत्रकांवर ‘एनआरएची ए श्रेणी’ ठळक छापलेली असते. एनआरए म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी लढणारी संस्था. माझं म्हणणं स्पष्ट आहे: त्या अक्षरावर मत देऊ नका. जो उमेदवार कधी निवडूनच आलेला नाही, त्याला ती संस्था प्रश्नावलीच्या उत्तरांवरून श्रेणी देते आणि अक्षरापुढे ‘क्यू’ जोडते. ‘एक्यू’चा अर्थ इतकाच, की कागदावरच्या खुणा त्यांना हव्या तशा होत्या. प्रश्नावलीला उत्तरच दिलं नाही तर प्रश्नचिन्ह. पलीकडच्या बाजूला, बंदूक नियंत्रणाची मागणी करणाऱ्या मॉम्स डिमांड अ‍ॅक्शनचा ‘गन सेन्स कँडिडेट’ हा शिक्काही प्रश्नावलीवरूनच मिळतो.

त्यापेक्षा विधेयक जिथे अडलं तिथे हा माणूस कुठल्या बाजूला होता, ते शोधा. २०२३चं एचबी २७४४ (टेक्सास प्रतिनिधीगृहाचं विधेयक) घ्या. युवाल्डीत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोराने १८ पूर्ण झाल्याबरोबर रायफली घेतल्या होत्या, तेही कायदेशीरपणे. म्हणून काढता मॅगझिन असलेल्या ठरावीक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठी वयाची अट १८ वरून २१ करायची, एवढंच हे विधेयक होतं. अ‍ॅलनच्या आउटलेट मॉलमधल्या गोळीबारानंतर दोनच दिवसांनी, ८ मे रोजी, समितीत ते ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे गेलं. बाजूने मत देणाऱ्यांत दोन रिपब्लिकन होते, सॅम हार्लेस आणि जस्टिन हॉलंड. पुढे कोणतं विधेयक सभागृहात चर्चेला येणार हे ठरवणाऱ्या कॅलेंडर समितीने ते मुदतीत सभागृहाच्या यादीवर घेतलं नाही आणि विधेयक तिथेच संपलं.

म्हणजे या प्रश्नावर नोंद झाली ती समितीतल्या तेरा जणांची. बाकीच्या सव्वाशेहून जास्त आमदारांची पाटी कोरी राहिली, आणि पत्रकावर ते वाट्टेल ते लिहू शकतात.

रॉकवॉल_७५

प्लानोकर, तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. हॉलंड आमच्या भागातले. त्यांचं मत नोंदलं गेलं, लोकांनी वाचलं, आणि मे २०२४च्या रनऑफमध्ये (पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळालं नाही की होणाऱ्या दुसऱ्या फेरीत) कॅट्रिना पिअरसन यांनी त्यांना हरवलं. मतदारांनी अगदी तुम्ही सांगता तसंच पारखलं, फक्त निकाल तुम्हाला पटणारा नाही. अठरा वर्षांचा मुलगा सैन्यात जातो, करार करतो, मतदान करतो. त्याच्या घटनादत्त हक्कावर तीन वर्षांची टाच आणणारं विधेयक पुढे सरकवणं ही साधी प्रक्रियेची बाब नाही.

श्रेणी तोकडी पडते हे मलाही मान्य आहे, पण कारण वेगळं. सिनेटर कॉर्निन यांना एनआरएची ए-प्लस होती, आणि २०२२च्या बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज या केंद्रीय बंदूक कायद्याची बोलणी रिपब्लिकनांच्या बाजूने त्यांनीच केली. एनआरएने त्याला विरोध केला, तरी १५ रिपब्लिकन सिनेटरांनी मत दिलं. त्या जूनमध्ये ह्यूस्टनच्या पक्ष अधिवेशनात कॉर्निन बोलत असताना लोकांनी हुर्यो उडवली, ती उगाच नव्हे. त्या कायद्यात ‘धंदा म्हणून बंदुका विकणारा’ कोण याची व्याख्या बदलली. दोन ओळींचा बदल होता. त्याच्या आधारावर एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने २०२४ मध्ये नियम काढून परवाना लागणाऱ्या विक्रेत्यांचं जाळं केवढं तरी रुंद केलं. तेव्हा उमेदवाराला ‘तुम्ही दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या बाजूने आहात का’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. ‘त्या कायद्याची व्याख्या मागे घेणार का, हो की नाही’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सुनीता_अ‍ॅलन

रॉकवॉल, एका मतावर हॉलंड पडले हे सिद्ध होत नाही. त्यांनी तेव्हाचे राज्याचे महाधिवक्ता पॅक्स्टन यांच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं होतं आणि शाळांच्या व्हाउचरला, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे देण्याला, विरोध केला होता. त्या प्रायमरीत या दोन्ही कारणांवरून अनेक आमदार घरी गेले. तीन कारणं एकत्र असताना आपल्याला हवं ते एक उचलायचं आणि ‘मतदारांनी कौल दिला’ म्हणायचं, हे बरोबर नाही.

२०२२च्या कायद्याबद्दल आणखी एक. ‘यांनी रेड फ्लॅग कायदा (धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणारा) आणला’ असं पत्रकांत छापतात, ते धादांत चुकीचं आहे. या कायद्याने कुठल्याही राज्यावर रेड फ्लॅग लादलेला नाही. ७५ कोटी डॉलरचा निधी ठेवला आणि तो ड्रग कोर्ट, मानसिक आरोग्य कोर्ट, माजी सैनिकांची कोर्टं यांवरही वापरता येतो. २१ वर्षांखालच्या खरेदीदारासाठी मात्र खरा बदल झाला: अल्पवयातल्या नोंदी आणि स्थानिक पोलीस यांच्याकडे चौकशी होते आणि संशयास्पद काही दिसलं तर तपासाला कामकाजाचे १० दिवसांपर्यंत मिळतात. एरवी तीन कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याने याच फटीतून पिस्तूल मिळवलं होतं. उमेदवार या मुदतीबद्दल काय म्हणतो, ते विचारा. ‘कॉमन सेन्स’ वगैरे शब्दांना काही अर्थ नाही.

रॉकवॉल_७५

सुनीताताई, निधीचा मुद्दा मान्य. पण रेड फ्लॅगला आमचा विरोध प्रक्रियेमुळे आहे. पहिला आदेश त्या माणसाला न ऐकताच निघतो, बंदूक आधी जाते आणि सुनावणी मागाहून.

सुनीता_अ‍ॅलन

फ्लोरिडाचा कायदा बघा. पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर मार्च २०१८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी सही केली. अर्ज फक्त पोलीस करू शकतात, शेजारी किंवा घटस्फोटाच्या भांडणातला नवरा नव्हे. तात्पुरता आदेश निघाला तर १४ दिवसांत सुनावणी, आणि वर्षभराच्या आदेशासाठी ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ पुरावा लागतो. त्याच कायद्यात बंदूक खरेदीचं वयही २१ केलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्कॉट सिनेटवर निवडून आले. म्हणून ‘रेड फ्लॅगच्या बाजूने की विरोधात’ हा प्रश्न अर्धवट आहे. अर्ज कोण करणार, किती दिवसांत सुनावणी, पुराव्याची पातळी कुठली, या तीन गोष्टी विचारल्या की कोणी अभ्यास केलाय ते लगेच कळतं.

वकिली_नजर

तुम्ही सगळे कायदेमंडळाकडे बघताय, पण या विषयाची दोरी आता कोर्टाकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२च्या ब्रुएन निकालापासून प्रत्येक निर्बंधाला देशाच्या ऐतिहासिक परंपरेतला आधार दाखवावा लागतो. २०२४ मध्ये रहीमी खटल्यात ८ विरुद्ध १ असा निकाल आला. घरगुती हिंसाचारामुळे कोर्टाने मनाई हुकूम काढताना ज्याच्यापासून धोका आहे असं म्हटलं, त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते. त्याच महिन्यात बंप स्टॉक या रायफल झपाट्याने झाडू देणाऱ्या जोडणीवरची एटीएफची बंदी मात्र ६ विरुद्ध ३ ने गेली, कारण मूळ कायद्याचे शब्द तिथवर पोचत नव्हते. सिनेटचा उमेदवार असेल तर न्यायाधीशांबद्दल विचारा. न्यायाधीशांना मान्यता देणारं एक मत पंचवीस विधेयकांपेक्षा जास्त टिकतं.

निळा_ऑस्टिन

डेमोक्रॅटिक प्रायमरीतला घोळ वेगळा आहे. तिथे सगळे उमेदवार बंदूक घेणाऱ्या सगळ्यांची पार्श्वभूमी तपासा म्हणतात, मग निवडायचं कसं? मी एकच प्रश्न सुचवेन: फिलिबस्टर, म्हणजे सिनेटमध्ये विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागण्याचा नियम. एप्रिल २०१३ मध्ये पार्श्वभूमी तपासणी वाढवणाऱ्या मँचिन-टूमी दुरुस्तीला ५४ मतं मिळाली होती, बहुमत होतं, तरी ६० नव्हती म्हणून पडली. जो उमेदवार पार्श्वभूमी तपासणीचं वचन देतो आणि ६० मतांचा नियमही राखायचा म्हणतो, त्याने ती जादाची मतं कुठून आणणार हे नावानिशी सांगावं. आणि ‘असॉल्ट वेपन’ बंदी म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या भागांवरून ठरवणार? १९९४च्या बंदीत संगिनीची खोबण, घडीचा दस्ता अशा खुणांची मोजणी होती, म्हणून कंपन्यांनी ते भाग काढून तीच रायफल विकली. दहा वर्षांनी बंदी आपोआप संपली.

प्लानोकर

वकिली_नजर, न्यायाधीशांचा मुद्दा सिनेटपुरता ठीक. पण परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याची मुभा टेक्सासला एचबी १९२७ने दिली, सप्टेंबर २०२१ पासून. ती कुठल्या कोर्टाने दिली नाही, ऑस्टिनमध्ये बसलेल्या आमदारांनी दिली. रोजच्या आयुष्याला लागणारे बहुतेक नियम राज्याचे आहेत आणि आपण त्याच प्रायमरीकडे पाठ फिरवतो.

एचवन_ते_सिटिझन

मतदानाबद्दल इथे बरेच गैरसमज दिसतात, म्हणून थोडक्यात. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नसते. मतदारनोंदणी मात्र ३० दिवस आधी हवी. मार्चमध्ये एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं की मेच्या रनऑफमध्ये दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही. मार्चमध्ये मतच दिलं नसेल तर रनऑफमध्ये कुठलाही पक्ष निवडता येतो. रनऑफला गर्दी अगदी कमी असते. २०२४ मध्ये युवाल्डी ज्या मतदारसंघात येतं, तिथे २०२२च्या कायद्याला मत देणारे टोनी गोन्झालेस यूट्यूबवर बंदुकांचं चॅनल चालवणाऱ्या ब्रँडन हेरेरा यांच्याविरुद्ध पाचशेहून कमी मतांनी वाचले.

आणि आपल्या घरांपुरतं: एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४ (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला विकत घेता येते, पण मत देता येत नाही. नवरा सिटिझन आणि बायको एच-४ वर असेल, तर बंदूक तिच्या ताब्यात आहे असं होता कामा नये. तिजोरीची किल्ली कोणाकडे, हा अशा घरात खरोखर कायद्याचा प्रश्न आहे.

रॉकवॉल_७५

प्लानोकर, राज्याच्या प्रायमरीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि म्हणूनच तुमच्या पहिल्या पोस्टमधली उणीव दाखवतो. एचबी २७४४ कॅलेंडर समितीत अडकलं. त्या समितीवर माणसं कोण नेमतं? सभापती. सभापती कोण निवडतं? हेच दीडशे आमदार, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, नोंद होणाऱ्या मताने. ज्यांची पाटी कोरी म्हणता, त्यांचंही ते एक मत असतंच. मी आमच्याकडच्या प्रत्येक उमेदवाराला विचारतो की सभापतीसाठी मत कोणाला देणार. वयाची अट वाढवणारं विधेयक सभागृहात येऊच नये म्हणून मी विचारतो. तुम्हाला ते यावं असं वाटतं, तर तुम्हीही हेच विचारा.

सुनीता_अ‍ॅलन

विचारणार. फक्त एक लक्षात ठेवा, ज्या सभागृहात २७४४ अडकलं आणि ज्या सभागृहाने विनापरवाना पिस्तुलांचा कायदा केला, दोन्हींचे सभापती डेड फेलनच होते. तेव्हा नाव ऐकून थांबू नका. कॅलेंडर समितीत कोणाला बसवण्याचा आग्रह धरणार, हेही त्याच दमात विचारा.