अकरा तास, दोन मुले आणि एक टॅबलेट

कुंडलिकाकाठ:
"ठाण्याहून निघालो ते कणकवलीपर्यंत मागच्या सीटवरून आवाजही आला नाही, टॅबलेटमध्ये रंग भरण्याची आणि कोडी जुळवण्याची बारा ॲप्स उतरवून घेतली होती," असे काल एका पालकांनी येथे अभिमानाने लिहिले आणि त्याखाली शाबासकीची रीघ लागली. सात आणि चार वर्षांची मुले अकरा तास गप्प बसली, ही प्रवासाची हकिकत आहे की भूल दिल्याची? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली होती. आम्ही एसटीने जाताना नद्या मोजत असू: नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, ज्याला नदी आधी दिसे त्याला आवळ्याची एक फोड जास्त मिळे. संगमेश्वर कधी मागे पडले हे ज्या मुलांना कळलेच नाही, ती गणपतीला गावी गेली म्हणायची की पार्सलने पोहोचली?

मागच्या सीटवरून:
तुमच्या नद्या वाचून डोळे पाणावले. पण त्या आवळ्याच्या फोडी कोण करत होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. आमच्याकडे नवरा गाडी चालवतो, सासऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून ते पुढे बसतात आणि मी मागे दोन मुलांच्या मध्ये. भेंड्या झाल्या, गाव-नाव-फळ-फूल झाले, वडखळ येईपर्यंत माझा घसा बसला. पुढे माणगावच्या कोंडीत गाडी पावणेदोन तास जागची हलली नाही, तेव्हा धाकट्याने थोरलीचा कान चावला. मी टॅबलेट काढला आणि वीस मिनिटे डोळे मिटले. त्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची क्षमा मागावयास मी तयार आहे.

दहीभात:
संस्कारांचे राहू द्या, पोटाचे बोला. वळणे आतल्या कानाला जाणवतात आणि डोळे मात्र मांडीवरच्या चित्रावर खिळलेले असतात. दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून गाडी लागते, आणि दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक होतो. आंबा घाटात माझी सहा वर्षांची मुलगी मासे पकडण्याचा खेळ खेळत होती. आलेपाक आणि लिंबू दोन्ही हाताशी असूनही व्हायचे ते झाले. स्पीकरच्या जाळीत अडकलेली भाताची शिते मी रात्री टाचणीने काढली. तेव्हापासून आमचा नियम असा, की सपाटीवर टॅबलेट, घाटात खिडकी.

पळस्पे फाटा:
मूळ मुद्दा कोणीच बोलत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. ते वेळेत झाले असते, तर अकरा तास लागले नसते आणि हा वादही झाला नसता. कशेडी घाटाला बोगदा झाला, मान्य. पण बोगद्यापर्यंत पोहोचायचे कसे?

मागच्या सीटवरून:
रस्ता होईल तेव्हा होईल. मागे कोण बसते, याचे उत्तर अजून आलेले नाही.

कुंडलिकाकाठ:
प्रत्येक चर्चा घरातल्या कामाच्या वाटणीवर नेलीच पाहिजे, असा काही नियम आहे काय? चालकाने नद्या दाखवत बसायचे की समोर पाहायचे? मी सलग दहा तास गाडी चालवतो, तो काही आराम नव्हे.

मागच्या सीटवरून:
आपण चालकाविषयी बोलता, मी मुलांविषयी बोलते आहे. मुलांच्या हातून टॅबलेट काढून घ्या, असा उपदेश करणाऱ्याने ती मोकळी झालेली मुले अकरा तास कोणाच्या अंगावर येणार, एवढे तरी लिहावे. आपल्या मुलांना नद्या कोण दाखवते?

कुंडलिकाकाठ:
आमची सौ. दाखवते. बरे, मागे बसून मुले सांभाळणारी माणसे मी गृहीत धरली, हे आपल्या समाधानासाठी मान्य करतो. घाटात टॅबलेट नको, हे दहीभात यांचे म्हणणेही मान्य, कारण शितांपुढे युक्तिवाद चालत नाही. कोंडीत अर्धा तास द्यावा, अगदीच नाइलाज असेल तर. परंतु अकरा तास, हे मला पटलेले नाही आणि पटणारही नाही.

मागच्या सीटवरून:
अकरा तास मलाही पटलेले नाहीत, मी वीस मिनिटे म्हटले होते. आपल्या सौभाग्यवतींना गाडी चालवता येते का?

कुंडलिकाकाठ:
येते. तिचा परवाना माझ्या दोन वर्षे आधीचा आहे. घाटात मलाच धीर धरवत नाही, म्हणून ती मागे बसते.

दहीभात:
कशेडीला आता बोगदा आहे, साहेब. तेवढा तरी त्यांच्या हाती द्या आणि आपण मागे बसून जगबुडी दाखवा.