परमुलखात पडलेली आपली माणसं : नाशिककरांच्या आठवणी

माझे थोरले मामा श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेत होते. १९८७ च्या नोव्हेंबरात तिथंच सुरुंग फुटून गेले. 'कुठल्या लढाईत?' असं लोक अजून विचारतात. ६५, ७१, कारगिल सगळ्यांना ठाऊक. ऑपरेशन पवनमध्ये, म्हणजे श्रीलंकेतल्या त्या मोहिमेत, आपले सुमारे १,२०० जवान गेले, हे मात्र दरवेळी सांगावं लागतं. मला त्याचा फार त्रास होतो.

तार आली तेव्हा आजोबा निफाडला द्राक्षबागेत फवारणी करत होते. तार इंग्रजीत, म्हणून मास्तरांकडे नेली. मास्तर वाचून गप्प झाले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. त्या वेळी कित्येकांचे अंत्यविधी तिकडेच उरकायचे. आमच्याकडे अस्थी आल्या आणि मागाहून काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत आईनं ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या पत्त्यावर धाडलेली सगळी आंतरदेशीय पत्रं होती, तारखेवार लावलेली. आजीनं त्या ट्रंकेत पुढे दुसरं काहीच ठेवलं नाही.

तुमच्या घरचं कुणी असं गेलं असेल तर लिहा.

सिन्नर
आमच्याकडे काकांचा महाळ चतुर्दशीला असतो. शस्त्रानं गेलेल्यांची ती तिथी. रामकुंडावर गुरुजींनी विचारलं, "अपघात का?" वडील म्हणाले, "नाही. लढताना." एवढंच, पण ताठ उभे राहून.

इगतपुरी
पणजोबांचे भाऊ पहिल्या महायुद्धात इराकमध्ये 'बसऱ्याला गेले' ते गेलेच. तिथल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीवार नुसते आकडे आहेत. त्यातला एक आमचा.

देवळाली कॅम्प
मी तोफखान्यातला. नाशिकरोडच्या सेंटरला माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा तो श्रीलंकेत गेला. परवा कोलंबोजवळ कोट्टेला शांतिसेनेचं स्मारक पाहिलं. काळ्या दगडावर सगळ्यांची नावं आहेत. त्याचं सापडायला अर्धा तास लागला. बोट ठेवून दोनदा वाचलं, फोटो काढला. त्याची आई आता नव्वदीला टेकली आहे. मोबाईल डोळ्यांशी धरून बराच वेळ बघत होती. मग विचारलं, "उघड्यावर आहे का रे? पाऊस लागतो?"

लागतो म्हणालो, मावशी.