लांब पायी चालायचं तर : अनुभव धागा

शेगावची पायी वारी असो, शेतशिवाराचा फेरा असो की सुटीत नागपूर पायी बघणं असो, आपल्याकडे अंतरापेक्षा ऊन आणि माती जास्त थकवतात. किती, कधी, कशाने, असं नेमकं लिहा.

काळीमाती (यवतमाळकडून)
पावसाळ्यात पांदण रस्ता टाळा. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. थोड्याच पावलांत चपलेखाली जाड थर बसतो, पाय जड होतो, पोटऱ्या भरून येतात. खोल नक्षीच्या बुटात ती आणखी घट्ट बसते, म्हणून सपाट तळाचं रबरी पादत्राण बरं. माती खरवडायला हातात काडी ठेवावी. हीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि घोटा मुरगळतो तो तिथेच. तेव्हा बैलगाडीच्या चाकोरीतूनच चाला. बाभळीचा काटा फोमच्या चपलेतून आरपार जातो, त्याला टायरच्या तळाची चप्पलच पाहिजे. सोबत चिमटा असू द्या.

वऱ्हाडी
मे महिन्यात चालाचं असन तं पहाटी चारले निंघा अन् नऊच्या आत सावली धरा. दुपट्टा कानावरून, मानेवरून घ्या. तहान लागाची वाट पाहू नका, थोड्या थोड्या वेळानं दोन घोट घेत राहा. निस्तं पाणी पुरत नाई, घामासंग मीठबी जाते. एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चहाच्याच चमच्यानं. मीठ जास्त झालं तं उलटा तरास होते. मानूस बरळाले लागला, आंग तापलं तं सावलीत न्या, ओल्या फडक्यानं आंग पुसा, वारा घाला अन् दवाखाना गाठा. शुद्ध नसन तं तोंडात पाणी टाकू नका.

पायीवारी (खामगाव)
खामगाव ते शेगाव अंतर साधारण सोळा-सतरा किलोमीटर. ताशी चार किलोमीटरने, विसावा धरून, पाच तास. पंढरपूरहून परतणारी श्रींची पालखी याच वाटेने जाते, त्या दिवशी गर्दीत स्वतःची चाल ठेवता येत नाही, म्हणून वेळ वाढवून धरा.

फोड येतो तो घर्षण आणि ओल यांनी. नवे बूट वारीच्या दिवशी काढू नका, दोन-तीन आठवडे आधीपासून घाला. मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात. टाच आणि बोटांच्या मधे व्हॅसलीन लावा. चुरचुर सुरू झाली की तिथेच थांबून पट्टी लावा; पुढच्या गावापर्यंत ढकललं तर फोड आलाच. फुटला तर कातडी कापू नका, तीच खालची जखम झाकते. रात्री एकटे असाल तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असे चाला.

संत्रानगरी
गावाकडून नागपूर बघायला येणाऱ्यांसाठी: रेल्वे स्टेशन, झिरो माईलचा दगडी खांब, सीताबर्डी, दीक्षाभूमी, अंबाझरी. वळसे धरून सात-आठ किलोमीटर. डिसेंबर-जानेवारी उत्तम. सिमेंट रस्ता मातीसारखा दबत नाही, मातीवर चालायची सवय असलेल्यांची नडगी इथे दुखते. जाड तळाचे बूट घाला, कडेला माती मिळेल तिथे उतरा. बर्डीवर दुकानं उघडायच्या आत पोचा. दीक्षाभूमीला निवांत जायचं तर अशोक विजयादशमी आणि 14 ऑक्टोबरच्या आसपासचे दिवस सोडून जा. पाय गळाले तर सुभाषनगरहून मेट्रोने बर्डीला परत येता येतं.

शिवारफेरी
कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, काठी जमिनीला टेकवा, पाठ न दाखवता हळू मागे सरका.

आरोग्यसेविका
शुगर असलेल्यांनी नवस असला तरी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतलेला कळत नाही. मुक्कामाला पोचल्यावर तळवे उजेडात दुसऱ्याकडून बघून घ्या, बोटांच्या बेचक्याही. लाल डाग किंवा चीर दिसली तर दुसऱ्या दिवशी चालणं बंद.