गाडी ऑइल पियायलीय, जाड ऑइल टाकू का?

लातूरकर: माझी २०१२ ची पेट्रोल गाडी, १.२ लिटर इंजिन, १,४२,००० किमी झाले. हजार किमीला पाऊण लिटर ऑइल पियायलीय. गळती नाही, रात्री खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी कोरडाच. बाबांना दर महिन्याला डोळ्यांच्या तपासणीला संभाजीनगरला न्यावं लागतं. मागच्या खेपेला मांजरसुंब्याचा घाट उतरून खाली ॲक्सिलरेटर दिला, तर आरशात निळा धूर. मिस्त्री म्हणतात, ५डब्ल्यू-३० सोडा, त्यापेक्षा जाड २०डब्ल्यू-५० टाका. इकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री ऊन, त्यामुळं मलाही पटायलंय. टाकू का?

परभणीकर: मी जुन्या गाडीत १०डब्ल्यू-४० टाकलं होतं. पिणं निम्म्यावर आलं, ॲव्हरेज थोडं पडलं. दोन वर्षांनी पिस्टनच्या रिंगा बदलाव्याच लागल्या.

गॅरेजवाला, अंबाजोगाई: दादा, बाहेर ४३ असू द्या नाहीतर २०, गरम इंजिनातलं ऑइल ९०-१०० डिग्रीच्या आसपास असतंच. ३० आणि ५० हे आकडे १०० डिग्रीवरचा जाडपणाच सांगतात. उन्हासाठी म्हणून ५० लागत नाही. उलट सकाळी थंड इंजिनात जाड ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला वेळ लावतं.

तुमची खरी खूण घाटात आहे. उतारावर पाय काढला की आत व्हॅक्यूम वाढतो. व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील कडक झालं असेल तर ऑइल तिथून ओढलं जातं आणि ॲक्सिलरेटर दिला की जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर जोर देतानाही धूर दिसला असता.

आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातला वायू परत आत ओढायला सोडणारा) काढून कानाजवळ हलवा, खडखड वाजला पाहिजे. मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नसतील. कम्प्रेशन चांगलंच आलं तर संशय त्या सीलांवर. नुसती सीलं बदलायला बऱ्याच गाड्यांचं इंजिन उतरवावं लागत नाही, मिस्त्रीला तेवढं विचारा. तोवर फार तर १०डब्ल्यू-४०, तेही कंपनीच्या पुस्तकात चालतं असं लिहिलं असेल तरच. आणि दर ३०० किमीला ऑइलची काडी बघा. बाबा गाडीत असताना ऑइल कमी पडून बेअरिंग धरलं तर रस्त्यात अडकाल.

नांदेडकर: कुणाची बीएस-६ डिझेल असेल तर मनानं ऑइल बदलू नका. डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) कमी राखेचंच ऑइल लागतं, नाहीतर राख साचून तो तुंबतो.

लातूरकर: पीसीव्ही काढला. हलवला तर आवाजच नाही, आत काळा डिंकासारखा चिकटा. नवा बसवला. बुधवारी कम्प्रेशन मोजायचंय. २०डब्ल्यू-५० चा डबा दुकानात परत देऊन आलो.